बरोबरीत सुटलेली कुस्ती

१९८० सालाच्या सुरुवातीला मुहम्मद अली मद्रासला आला होता. नेहरू स्टेडियममध्ये रिंग उभारलेली, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन हजर, आणि अलीसमोर उभा होता जिमी एलिस. लढत प्रदर्शनीय होती; कुणी कुणाला इजा करायची नाही हे आधीच ठरलेलं. आपल्याकडे जिला नुरा कुस्ती म्हणतात तसला हा प्रकार नव्हता. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं. इथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की दोन जुने दोस्त आपली कला दाखवताहेत. बंदराच्या बाजूच्या उत्तर मद्रासला बॉक्सिंगचं जुनं वेड. खरा ठोसा आणि दाखवायचा ठोसा यांतला फरक कळणारे त्या गर्दीत पुष्कळ असणार.

एलिस आणि अली दोघंही लुइव्हिलचे, पोरवयापासून एकमेकांना ओळखणारे. एलिस बरीच वर्षं अलीचा सरावातला जोडीदार होता. १९७१ च्या जुलैत ह्यूस्टनला मात्र दोघं खरोखर लढले. प्रशिक्षक दोघांचा एकच, अँजेलो डंडी; त्या दिवशी तो एलिसच्या कोपऱ्यात बसला. बाराव्या फेरीत एलिस पार डगमगू लागला तेव्हा अलीने हात आवरता घेतला आणि पंचांनी लढत थांबवली. दोस्ती टिकली. नऊ वर्षांनी ती मद्रासच्या रिंगपर्यंत आली.

आता याच अलीची दुसरी गोष्ट बघा. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिल्याबद्दल त्याचा परवाना काढून घेतला गेला, त्या दिवसांत जो फ्रेझरने त्याला पैशांची मदत केली, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. पुढे दोघांच्या लढती ठरल्या. मग अलीने, तिकिटं खपावीत म्हणून म्हणा किंवा स्वतःला पेटवण्यासाठी म्हणा, फ्रेझरला गोऱ्यांचा गुलाम म्हटलं, गोरिला म्हटलं, कॅमेऱ्यांसमोर रबरी गोरिलाला ठोसे मारून दाखवले. रिंगमधल्या त्यांच्या तीन लढती १९७५ च्या ऑक्टोबरात मनिलाला संपल्या. ते शब्द मात्र संपले नाहीत. अलीने २००१ मध्ये एका वर्तमानपत्रातून माफी मागितली. २०११ मध्ये फ्रेझर वारला, तेव्हा अली अंत्यविधीला हजर होता. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत फ्रेझरच्या बोलण्यातून जो कडवटपणा येत राहिला, तो ठोशांबद्दल क्वचित, त्या शब्दांबद्दलच जास्त होता.

एकाच माणसाच्या या दोन गोष्टी मला एकत्र ठेवाव्याशा वाटतात. कारण हल्ली 'लढवय्यासारखं जगा' हा उपदेश फार स्वस्त झाला आहे. चेन्नईत तो जिमच्या भिंतीवर रंगवलेला असतो, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कंपन्यांच्या शिबिरांत असतो, आणि शनिवारी सकाळी गृहसंकुलाच्या गच्चीवर कराटेचा पांढरा पोशाख घालून ओरडणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोरांच्या आईबापांनाही तोच ऐकवलेला असतो. हार मानू नका. कमजोरी दाखवू नका. सतत सावध राहा, हात वर ठेवा. परीक्षा, आजारपण, कर्ज अशा ठिकाणी हे थोडंफार चालतंही. उपदेश करणारे तिथेच थांबत नाहीत. हीच वृत्ती घरात आणा, नात्यांत आणा, म्हणतात. आणि तिथे मला वाटतं की त्यांनी लढवय्याकडून नेमकी चुकीची वस्तू उचलली आहे.

लढणारा माणूस आखाड्यात काय शिकतो? चिवटपणा शिकतो, हे खरं. चिवट तर आपल्या गल्लीतला गुंडही असतो. आखाड्यातच मिळते आणि बाहेर मिळत नाही अशी गोष्ट म्हणजे हद्द. लढत कुठे सुरू होते, कुठे संपते, कुणाशी असते, कशावर मारायचं नाही, 'थांब' कोण म्हणणार, हे सगळं तिथे आधी ठरलेलं असतं आणि दोघांनी मान्य केलेलं असतं. त्या हद्दीच्या जिवावरच माणूस पूर्ण ताकदीने लढू शकतो. एलिसशी अली त्या हद्दीत राहून लढला. फ्रेझरशी त्याने घंटा झाल्यावरही, दोरांच्या बाहेरही लढत चालू ठेवली.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये, कारण आपली घरगुती भाषा तालमीतूनच आली आहे. आपण डावपेच टाकतो, शड्डू ठोकतो, एकमेकांना अस्मान दाखवतो, सासू-सुनेत खडाखडी चालते, वाटणीच्या बैठकीत थोरला भाऊ धाकट्याला चितपट करतो. फक्त हे शब्द घरी आणताना त्यांच्यासोबतचे दुसरे शब्द आपण तालमीतच विसरून आलो. 'जोड' हा त्यातला एक. कुस्तीच्या मैदानात जोड लावणं हे जबाबदारीचं काम. वजन, वय, तयारी बघून कोण कुणाशी लढेल ते ठरवायचं. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच ओरडतात. आता चाळिशीतला बाप आणि दहा वर्षांचा, गणितात नापास झालेला मुलगा यांच्यात दिवाणखान्यात जी कुस्ती लागते, ती कुठल्या वस्तादाने लावली असती? बाप म्हणतो, मी याला कणखर बनवतो आहे. तालमीत थोरला पैलवान पोरासोर जोर करतो तेव्हा अंग राखून करतो, पोराला डाव लावू देतो, कधी मुद्दाम खाली जातो. पोर घडतं ते त्यानेच.

दुसरा शब्द 'बरोबरी'. कुस्ती निकाली होते किंवा बरोबरीत सुटते. वेळ भरली, कुणी चीत झालं नाही, पंचांनी दोघांचे हात वर केले, संपलं. प्रेक्षक थोडे कुरकुरतात, पण पैलवानांची अब्रू जात नाही. घरात आपल्याला बरोबरी माहीतच नाही. प्रत्येक भांडण निकाली झालं पाहिजे, कुणाची तरी पाठ मातीला लागली पाहिजे. 'विषय संपला' असं जो जाहीर करतो तोच पुढची पंधरा मिनिटं बोलत असतो, हा अनुभव घरोघरचा आहे. आणि 'बरं बाबा, तुझंच खरं' हे वाक्य तर शरणागतीच्या वेषातला सगळ्यात वाईट ठोसा. ज्युदोत किंवा जिजुत्सूत जोडीदाराने हाताने दोनदा थाप मारली की पकड तत्क्षणी सुटते. कुणी विचारत नाही, खरंच दुखलं का, की नाटक. सुटते, म्हणून तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा आपली मान तुमच्या हातात द्यायला तयार होतो. नवरा-बायकोच्या किती भांडणांत अशी थाप मारली जाते, गप्प होऊन, डोळ्यांत पाणी येऊन, 'मी दमले' म्हणून, आणि समोरच्याला नेमकी तेव्हाच पकड आवळाविशी वाटते!

तमिळनाडूची स्वतःची कला सिलंबम, लाठीची. एमजीआर स्वतः त्यात तरबेज होते आणि सिनेमातून त्यांनी ती घराघरांत नेली. या विद्येत काठी फिरवण्याचं कौतुक बघणाऱ्यांना, शिकवणारा आसान मात्र आधी पावलं शिकवतो. सगळं अंतराचं शास्त्र आहे. काठीचा घेर केवढा, त्याच्या आत कोण आहे, एक पाऊल मागे गेल्यावर काय बदलतं. पावलं बसली नाहीत तर काठी स्वतःलाच लागते. आता हे घरात कसं आणायचं? रिंगमध्ये अंतर राखता येतं, घरात सगळेच कायम काठीच्या घेरात राहतात. स्वयंपाकघरात एकाने भांडं उतरवायचं म्हटलं तरी दुसऱ्याने वाकावं लागतं. जवळच्या माणसाला आपलं मर्म कुठे आहे ते तंतोतंत ठाऊक असतं, कारण आपणच ते कधीतरी विश्वासाने सांगितलेलं असतं. म्हणून घरात ज्याच्या हातात काठी आहे, मग ती पैशाची असो, आवाजाची असो की अबोल्याची, त्याला ती कुठे ठेवून आत यायचं हे आधी शिकावं लागतं. सिनेमातल्या रिक्षावर उभं राहून काठी फिरवणाऱ्या एमजीआरने हे शिकवलं नाही, पण त्याला इलाज नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त सोसायलाच शिकवलं, त्यांना हद्द, बरोबरी, आवरता हात असली भाषा कशाला? त्यांना तर लढायलाच शिकवायला हवं. घरात मार खाणाऱ्या बाईला 'कुस्ती बरोबरीत सोडव' म्हणणं हा निर्लज्जपणाच होईल. मान्य. पण मुळात ती लढत असते का? ज्यात एकाने हात मिळवलेलाच नाही, जोड लागलेली नाही, पंच नाही, ती मारहाण. तिला लढत म्हणायचं ते मारणाऱ्याच्या सोयीसाठी. 'आमच्यात भांडणं होतात' हे वाक्य अशा घरांतून बहुतेक वेळा पुरुषाच्या तोंडून येतं. आणि स्वसंरक्षण शिकवणारा प्रामाणिक शिक्षक मुलींना जिंकायला शिकवतच नाही. मनगट कसं सोडवायचं, किती मोठ्याने ओरडायचं, दाराच्या दिशेने कसं सरकायचं हे शिकवतो. दाराबाहेर पडलीस की झालं, म्हणतो. हीही अंतराचीच विद्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा संरक्षणाचा आदेश देतो, राहत्या घरातला हक्क देतो, तेव्हा तोही जिथे दोर नव्हते तिथे दोर बांधायचाच प्रयत्न करतो. उशिरा बांधतो, कधी सैल बांधतो, ती गोष्ट वेगळी.

पा. रंजित यांचा 'सारपट्टा परंबरै' हा २०२१ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सगळं उत्तर मद्रासच्या गल्ल्यांत दिसलं असेल. 'परंबरै' म्हणजे आपलीच परंपरा. तिथे तो शब्द बॉक्सिंगच्या घराण्यासाठी येतो, जसं आपण तालमीचं नाव सांगतो. काळ आणीबाणीच्या आसपासचा. नायक कबिलनचा बाप मुष्टियोद्धा होता, ती मूठ त्याने रिंगबाहेर गुंडगिरीत वापरली आणि मारला गेला. म्हणून आई कबिलनला ग्लव्ह्जना हात लावू देत नाही. पुढे रिंगमधली त्याची लढत बाहेरच्या लोकांनी उधळली, अब्रू घालवली, आणि कबिलनही बापाच्याच वाटेने जातो: हत्यार, तुरुंग, दारू, बायकोला छळणं. चित्रपटभर मला वाटत राहिलं की आईची भीती बॉक्सिंगची नाहीच. दोरांपलीकडे गेलेल्या मुठीची आहे. मुलगा रिंगमध्ये परततो तेव्हा त्या बाईला हायसं वाटतं, ते उगाच नाही.

दोरांइतकाच महत्त्वाचा असतो तो कोपरा. मनिलाच्या त्या तिसऱ्या लढतीत चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझरला नीट दिसत नव्हतं. त्याला पंधरावी फेरी लढायचीच होती. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला उठू दिलं नाही, लढत थांबवली. फ्रेझर हरला आणि जगला. लढवय्याला स्वतः थांबता येत नाही, हे त्या धंद्यात गृहीत धरलेलं आहे. म्हणून थांबवणारा माणूस त्याच्याच बाजूचा, त्याच्यावर माया करणारा असतो. आपल्या घरगुती भांडणांत कोपऱ्यात कोण बसतं? माहेरची मंडळी, मित्र, कधी सख्खा भाऊ. आणि ती सगळी काय करतात? तोंडावर पाणी मारून परत आत ढकलतात. 'अजिबात ऐकून घेऊ नकोस.' 'आज नमलीस तर जन्मभर नमावं लागेल.' फार थोड्यांच्या कोपऱ्यात एडी फच असतो.

असा एक कोपरा याच तमिळ मुलखात, मराठी घरात होऊन गेला, आणि तो सांगण्यासाठीच मी एवढं फिरून आलो. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. मे महिन्यात जिंजी हातात आली. त्याच महिन्यात त्यांचा माणूस मद्रासला इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात गेला आणि विषावर उतारा म्हणून चालणाऱ्या वस्तू मागू लागला; इंग्रजांनी त्या भेट म्हणून पाठवल्या. सतत हात वर ठेवून जगणं म्हणजे काय ते या एका मागणीवरून कळावं. जुलैत कोल्लिडमच्या काठी तिरुमलवाडीला सावत्र भाऊ व्यंकोजी भेटायला आले. व्यंकोजी तंजावर राखून होते. महाराजांनी वडिलांच्या, शहाजीराजांच्या, मिळकतीतला वाटा मागितला. काही दिवस पाहुणचार झाला, बोलणी झाली, आणि एका रात्री व्यंकोजी नदी ओलांडून निघून गेले. धाकट्याला वाटलं असणार की हा आपल्याला धरून ठेवणार. अफझलखानाची भेट सगळ्या हिंदुस्थानाने ऐकली होती; अशा भावाच्या छावणीत झोप कशी लागावी? आणि थोरल्याला मनापासून लागलं, की मी काय याला कैद करणार होतो? लढवय्याची ख्याती घरात घेऊन गेलं की असं होतं. समोरचा आपला हात बघतो, चेहरा बघत नाही.

महाराजांनी व्यंकोजींच्या कारभाऱ्यांना आधी अडकवून ठेवलं, मग मानाने सोडलं. स्वतः परतीला लागल्यावर नोव्हेंबरात व्यंकोजींनी मागे राहिलेल्या फौजेवर चाल केली. त्या फौजेत संताजी, म्हणजे तिसरा, तोही सावत्रच, भाऊ. शेवटी व्यंकोजी हरले. इथे कुस्ती निकाली करायची संधी सोन्यासारखी होती. तंजावर समोर पडलं होतं, कारण तयार होतं, आणि 'आधी त्यानेच हात उचलला' हे म्हणायलाही मोकळीक. तसं झालं नाही. व्यंकोजींच्या कोपऱ्यात त्यांची बायको दीपाबाई होती, तिने नवऱ्याला तहाकडे वळवलं. रघुनाथपंत हणमंते मध्ये पडले. मुलूख वाटून घेतला गेला: जिंजीकडचा महाराजांकडे, तंजावर व्यंकोजींकडे. बखरीतून आलेल्या तहाच्या कलमांत एक कलम विलक्षण आहे. बंगळूर, होसकोट आणि आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. वाटणीतला हिस्सा म्हणून भावाला दिला असता तर ती माघार दिसली असती. भावजयीला चोळीबांगडी दिली की त्यात कुणाची पाठ मातीला लागत नाही. थांबवणाऱ्या माणसाचा असा मान ठेवलेला इतिहासात फारसा सापडत नाही.

त्यानंतरचं पत्र तर जास्तच बोलकं आहे. व्यंकोजी खचले. अंगाकडे लक्ष नाही, सणवार गोड लागत नाहीत, फौज नुसती बसून आहे, विरक्तीच्या गोष्टी चालल्या आहेत, हे महाराजांच्या कानावर गेलं. हरवलेल्या भावाचं हे ऐकून जिंकलेल्याला आतून बरं वाटू शकतं. माणसाचा स्वभाव तसा आहे. महाराजांनी त्याला उठवायला पत्र लिहिलं. वडिलांनी किती संकटं काढली ते आठवून द्या, विरक्तीचं वय अजून आलेलं नाही, शरीर जपा, चाकरमाणसांना रिकामं ठेवू नका, काही करून दाखवा, अशा अर्थाचं. त्यात थोडी दटावणी आहे, थोरल्या भावाची असते तेवढी. ज्याच्याशी आधी लढाई झाली, त्याच्याच फौजेला कामाला लाव म्हणून हा सांगतो आहे. ती फौज उद्या पुन्हा आपल्यावर येईल हे त्यांना सुचलं नसेल असं थोडंच आहे. विषाचे उतारे मागवणारा हाच माणूस. इथे त्याने हात खाली घेतले.

१६८० च्या एप्रिलात महाराज गेले. व्यंकोजींच्या वंशाकडे तंजावर १८५५ पर्यंत राहिलं. त्या राज्याबरोबर आलेल्या घराण्यांपैकी बरीच पुढे मद्रासला उतरली, कचेऱ्यांत, शाळांत शिरली, आणि अजून घरी मराठी बोलतात. पुण्याच्या कानाला ती वेगळी लागते, तमिळ तिच्यात जागोजागी मुरलेली आहे. बरोबरीत सुटलेल्या त्या कुस्तीमुळे ती बोलणारी माणसं इथे राहिली.